पीळ

दोन हजार एकची एस्टीम, वझलवार मॅडमची.
सकाळी पहिल्या चावीत सुरू,
व्हरायटी चौकापर्यंत गुणी लेकरासारखी,
मग सिग्नलला धाप, काळा धूर,
पेट्रोलचा उग्र वास, आणि बंद.
अर्धा तास सावलीत उभी केली
की जणू काही झालंच नव्हतं.

"पंप बदलला, प्लग बदलले,
इंजेक्टर धुऊन आणले.
आता म्हणतात कॉम्प्युटर गेला,
अठरा हजार सांगून राहिले. काय करू, पराते?"
मी म्हटलं, ठेवून जा.

मे महिना. टेका नाक्यावरचा माझा पत्रा
दुपारी दोनला स्वतःशी बोलतो.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला:
टिकटिक, टिकटिक. चौघेही कामावर.
चावी दिली की पंप दोन सेकंद गुणगुणतो,
मग गप्प बसतो, जसं बसायला पाहिजे.
सगळे साक्षीदार खरं बोलत होते
आणि गाडी तरी मरत होती.

उरला तापमानाचा सेन्सर,
पितळेचा, अंगठ्याएवढा.
काढून समोरच्या टपरीवर नेला.
"चहात नको टाकू बे," निखारे ओरडला,
"कोऱ्या पाण्यात टाक."
पाणी उकळत गेलं, मीटरचा आकडा उतरत गेला:
दोन हजार, नऊशे, तीनशे, एकशे नव्वद.
सेन्सर शहाणा होता.

परत बसवला. इंजिन तापवून बंद केलं.
डॅशबोर्डखाली उताणा झोपून
कॉम्प्युटरकडच्या प्लगात मीटर लावला.
दोन हजार सहाशे.

बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि त्या डबीला कोणीतरी सांगत होतं
डिसेंबर आहे, पहाट आहे,
रस्त्यावर शेकोट्या पेटल्या आहेत.
ती बिचारी पेट्रोल ओतत होती, आणखी ओतत होती,
कुडकुडणाऱ्या इंजिनाला ऊब म्हणून.

म्हणजे तार.
हिरवी, वर पांढरी रेघ.
बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे,
तुटला धागा डोळे मिटून शोधायचे.
डोळा फसतो, म्हणायचे, बोट नाही फसत.
मी हार्नेस बोटाबोटानं चाचपत गेलो
फायरवॉल, ब्रेकची टाकी, बॅटरीच्या ट्रेमागे
आणि आकडा नाचला.

टेपचं डांबर झालेलं. ब्लेडनं सोललं.
आत तांब्यावर हिरवा गंज,
सोल्डर नाही,
नुसता पीळ.
अडीच वेढे, उलटे,
शेपूट आत मुडपलेलं.

मी डावखुरा आहे.

दोन हजार सहा असेल. चाळीस रुपये रोज.
गाडी तेव्हा पांढरी, मालक दुसरा, घाईत.
आयर्न तापायला पाच मिनिटं लागतात,
मी थांबलो नाही.
करामत उस्ताद म्हणाले, झाली का बे?
मी म्हटलं, झाली.
बाबांची गाठ येत होती मला,
ओढली तरी न सुटणारी.
तीही मारली नाही.

टेप वितळली, पीळ तसाच.

कापला. नवी तार, सोल्डर, वर स्लीव्ह.
इंजिन चालू ठेवून उन्हात उभा राहिलो
पंखा लागेपर्यंत, पंखा थांबेपर्यंत,
परत लागेपर्यंत.
काटा हलला नाही.

सहा वाजता मॅडम आल्या, दुपट्टा डोक्याला गुंडाळून.
"काय निघालं?"
"जुनी जोड. आतून कुजली होती."
"कोणी केली होती असली?"

निखारेकडे पातेलं घासल्याचा आवाज येत होता.

"होता एक पोरगा," मी म्हणालो. "डावखुरा."

त्यांनी नोटा पुढे केल्या.
मी उजवा हात केला,
मग तोही मागे घेतला.
"पन्नास द्या. स्लीव्हचे."

गाडी इंदोऱ्याकडे वळली.
धूर नव्हता.
मी तो तुकडा फेकला नाही,
खिळ्याला अडकवलाय,
आयर्नच्या बाजूला.